उलाळ

जळकोटला ना समुद्र, ना खाडी. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं आमचं गाव; मी शिकलो ते विहिरीवरच्या डिझेल इंजिनांवर. पुढं पाहुण्यांच्या ओळखीनं उजनी धरणावरच्या भोई मंडळींच्या होड्यांना मशीन बसवायची कामं येऊ लागली आणि मी त्या पाण्यात अडकलो तो अडकलोच.

यंदा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. माझा सगळा हिशोब हातात होता. मशीन नुसतं पेललं, की होडी मागून किती बसेल ते कळायचं. आता भाचा मशीन काट्याला लटकवतो आणि आकडा खडूनं बाकावर लिहितो. आकडा बरोबरच असतो. तरी तो वाचावा लागतो याचं मला वाईट वाटतं.

जुनी लाकडी होडी वल्ह्यासाठी बांधलेली. वल्हं मारणारा मध्यावर बसणार, हे धरूनच तिचा मागचा भाग निमुळता ठेवलेला. तिथं दहा एचपीच्या जवळपासचं मशीन टांगलं तरी चाळीस किलोच्या आसपास भार येतो. शिवाय ते चालवणारा पासष्ट-सत्तर किलोचा गडी तिथंच टेकतो. उलाळ झालेल्या बैलगाडीचं जू उचललं जावं, तसं पुढचं टोक वर येतं. समोरचा वारा त्या टोकाला धरून होडी फिरवू बघतो. फळ्यांतून झिरपलेलं पाणीही मागं धावतं, आणि मागचा काठ आणखी दबतो.

यावर हल्ली सर्रास एकच उपाय चालतो: पुढं वाळूचं पोतं टाकायचं. होडी सपाट दिसते, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण सपाट झाली म्हणजे सगळीच खाली बसली; काठ आणि पाणी यांतलं अंतर घटलं. असल्या कामाची मला चीड आहे. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती होडी वेगळी, तिचं काम वेगळं. पण वळवाच्या वाऱ्यात उजनीचं पाणी कसं उठतं ते त्या दिवशी साऱ्यांनी पाहिलं. काठाचं एक बोटसुद्धा मी वाळूला देणार नाही.

जे होडीत आहे तेच हलवायचं. चोवीस लिटरची टाकी भरली की आतलं पेट्रोलच अठरा किलोच्या घरात जातं. लांब नळी घालून ती पुढच्या बाकाखाली न्यायची. पण पेट्रोल जळत जातं. जाताना पुढं असलेलं वजन येताना उरत नाही. जाळ्याचं उलटं: जाताना कोरडं, येताना भिजून जड, आणि वर चिलापीचे क्रेट. मग तोल साधायचा कोणत्या वेळेचा? जातानाचा की येतानाचा? या प्रश्नानं माझी झोप घालवली आहे. येतानाचा साधावा तर पहाटे रिकामी होडी नाक वर करून जाते. जातानाचा साधावा तर परतताना क्रेट जरा पुढं सरकले की टोक लाटेत घुसतं.

मी रिकामी होडी दोन बोटं मागं जड ठेवतो आणि क्रेट कुठपर्यंत रचायचे तिथं आतल्या फळीवर लाल पट्टा ओढतो. तो पट्टा ही माझी सही. काठावर कुणी नवख्याला म्हणतो, "हे जळकोटच्या मिस्त्रींचं काम," आणि ते ऐकायला मी पाना पुसत मुद्दाम रेंगाळतो. दुसऱ्या कुणी तसाच पट्टा ओढलेला दिसला तेव्हा माझा दिवस कडू गेला होता.

आता भाचा म्हणतो, "मामा, पट्टा राहू द्या, माणूसच पुढं घ्या." मशीनच्या दांड्याला पाइप जोडून चालवणाऱ्याला अडीच फूट पुढं बसवायचं. हिशोबानं पोरगं बरोबर आहे. टाकी रिकामी होत जाते, माणसाचं वजन जाता-येता तेवढंच राहतं. पण पंख्यात जाळं गुंतलं तर मशीन झटक्यात उचलावं लागतं, आणि तिथून हात पोचत नाही. होडीवाल्या भोई दादांनी हेच सांगून नकार दिला. भाच्यानं लगेच उचलायला दोरी बांधून दाखवली. दोरी चालते. ओल्या हातानं, वाऱ्यात, अंधारात चालते का, ते पाहायला आम्ही दोघं परत उजनीला निघालोय. काटा त्यानं आधीच पिशवीत टाकलाय.