पोटातले गिअर

डिसेंबर २०२४ मध्ये भाच्याबरोबर गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला सायकलने निघालो होतो. लेकीला "जरा खरचटलं" एवढंच सांगितलं होतं. ती हे वाचणार आहेच, तेव्हा आज खरं काय ते लिहितो.

आरे-वारेच्या चढावर समोरून एस.टी. आली म्हणून थांबलो. गिअर राहिला जडच. पुन्हा पेडल मारलं तर सायकल जागची हलेना, आणि मी आडवा! माझ्या डिरेलरवाल्या सायकलची साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते खरी, पण पेडल फिरत असेल तरच. गुडघा फुटला, त्याहून जास्त धीर सुटला. त्र्याहत्तराव्या वर्षी हे पुरे झालं, असं वाटून गेलं.

भाचा म्हणाला, "मामा, माझी घे." त्याच्या मागच्या चाकात जर्मन रोलॉफचा स्पीडहब आहे. चौदा गिअर, सगळे हबच्या पोटात. सर्वांत हलक्यापासून सर्वांत जडापर्यंत ५२६ टक्के पल्ला. त्याने मला मुद्दाम चढावर थांबवलं. उभ्या उभ्या मूठ फिरवली, हलका गिअर पडला, आणि मी निघालो की हो!

वडिलांची सायकल आठवली. तिला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब होता. आत मधोमध दातेरी 'सूर्य', भोवती फिरणारे 'ग्रह'. पहिल्यात चाक तीन चतुर्थांश वेगाने, दुसऱ्यात सरळ, तिसऱ्यात एक-तृतीयांश जास्त. रविवारी त्यात तेलाचे थेंब सोडायचं काम माझं. एकदा म्हटलं, "उघडून बघू या?" तर म्हणाले, "उघडशील रे, बसवणार कोण?"

तोच प्रश्न भाच्याला केला. तो हसला. आत काही मोडलं तर गावातल्या मिस्त्रीचं ते काम नाही, हे त्यालाही मान्य. शिवाय हब जड, आणि खालच्या गिअरांत घरघरतो. पण धूळ-चिखल आत शिरत नाही, साखळी सरळ चालते म्हणून जास्त टिकते, आणि पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा तेल बदललं की झालं. लांबच्या वाटेला एवढा भरवसा खूप.

मला चौदा नकोत. शिमानोचा आठ गिअरचा हब मिळतो, तेवढा बास. गुडघा बरा आहे. पुन्हा त्याच चढावर जायचंय, आणि मध्येच थांबून निघायचंय.

घरच्यांनी मत जरूर कळवावं. फक्त 'नाही' म्हणू नये. असो.