बोगमाळो ते पत्रादेवी

विमाने, रणगाडे आणि युद्धनौका यांच्या छोट्या प्रतिकृती जुळविण्याचा छंद मराठी घरांत तसा उशिराच शिरला. परंतु दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या समाजाला तो परका वाटण्याचे काही कारण नाही. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा महाद्वाराहून उंच असतो, बुरुजाखालचा वाघ त्या मावळ्याच्या दुप्पट असतो, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. प्रतिकृतींच्या छंदात ही सवलत नाही. तेथे प्रमाण हाच धर्म. विमानांसाठी रूढ असलेले प्रमाण ७२ स १, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. रणगाड्यांसाठी ३५ स १ हे प्रमाण जपानच्या तामिया कंपनीने रूढ केले. त्यामागे मोठे शास्त्र मात्र नव्हते. १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत त्यांनी काढलेल्या पँथर रणगाड्याच्या पोटात विजेरीचे दोन सेल मावावयास हवे होते, म्हणून तो आकार ठरला!

आमच्या इंदूरच्या घरी हा छंद पुतण्याने आणला. खोक्यांतून निघतात ती बहुधा इतरांच्या युद्धांतली यंत्रे: इंग्रजांचे स्पिटफायर, जर्मनांचा पँथर. अधूनमधून एखादे अंतराळयानही निघते; आणि गंमत अशी, की १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील यानांच्या अंगावरचे बारीक कंगोरे हे बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या संचांतील सुटे भाग चिकटवूनच साधलेले होते. एके दिवशी पुतण्याने विचारले, "काका, गोवामुक्तीचा देखावा करायचा तर खोके कोणते आणावे?" तसे खोके आमच्या पाहण्यात नव्हते. तेव्हा मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन आम्ही गोव्यास जावयाचे ठरविले.

आरंभ अर्थातच बोगमाळोपासून केला. दाबोळी विमानतळाजवळ १९९८ साली उघडलेले नौदलाचे वैमानिकी संग्रहालय हे अशा छंदिष्टाचे तीर्थक्षेत्रच म्हणावे. आवारात उघड्यावर सी हॉक, आलिझे, सी हॅरियर, सी किंग हेलिकॉप्टर ओळीने उभी आहेत. आणि त्या साऱ्यांना लहान भासविणारे चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन. हे विमान आधी एअर इंडियाच्या, मग वायुदलाच्या आणि अखेर नौदलाच्या सेवेत होते. त्याच्या पंखांचा विस्तार १२३ फुटांच्या घरात. ७२ स १ मध्ये केले तरी वीस इंचांहून अधिक जागा अडवील. पुतण्या मात्र सी हॉकपाशी अडकला. या विमानाच्या शेपटीत धूर सोडणारे तोंड नाही. इंजिनाची वाफ दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी दोहों बाजूंस बाहेर पडते, आणि त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळते. चित्रात हे कळत नाही; विमानाभोवती एक फेरी घातली की कळते. रंगाच्या बाबतीत मात्र अशा उघड्यावरच्या विमानांवर विश्वासू नये. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या यंत्राला वेळोवेळी नवा हात द्यावा लागतो, आणि तो मूळच्या छटेचाच असेल असे नाही.

सी हॉक आणि आलिझे ही विक्रांतवरची विमाने. विक्रांत नौदलात दाखल झाली ४ मार्च १९६१ रोजी, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती गोव्याच्या समुद्रात होती. तिची लांबी सुमारे ७०० फूट. जहाजांसाठी रूढ असलेल्या ७०० स १ या प्रमाणात ती जवळजवळ नेमकी एक फूट भरते. दाबोळीच्या ज्या धावपट्टीवर आज सुटीचे प्रवासी उतरतात, तिच्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले होते.

मांडवी ओलांडून आम्ही डिचोली तालुक्यात आलो. नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेले हे देवालय आकाराने लहान आणि मनाला निवविणारे आहे. परंतु आमचे काम डिचोलीच्या पुलाशी होते. भारतीय सैन्य आत येऊ लागताच १८ डिसेंबरच्या पहाटे पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडविले. देखाव्याला याहून चांगला विषय कोणता? रणगाडा नाही, विमान नाही. दोन काठ, मधली तुटलेली कमान, आणि काठावर थबकलेले सैनिक. मोडलेला पूल हा उभ्या पुलापेक्षा करावयास कठीण, कारण दगड कोसळतात तेही आपल्या नियमाने. आम्ही काठावर पट्टी टाकीत असता एका वृद्ध गृहस्थांनी चौकशी केली, "कित्याक मेजतात?" कारण सांगितल्यावर ते हसले नाहीत. पट्टीचे दुसरे टोक त्यांनी स्वतः धरले.

पुढे पेडणे. शापोरा नदीकाठी हळर्णचा किल्ला आहे. तो मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आणि घेणाऱ्या व्हाइसरॉयला त्याच गावाच्या नावाने 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी मिळाली. येथे पुतण्याने एक युक्ती केली. तो पाच फूट उंचीचा आहे. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला, आम्ही छायाचित्र काढले, आणि त्या चित्रावरून सारी तटबंदी घरी बसून मोजता आली. तट जांभ्या दगडाचा. जांभ्याची भोके ७२ स १ मध्ये दिसेनाशी होतात; ती कोरीत बसण्यापेक्षा डिंकावर वस्त्रगाळ तांबडी माती भुरभुरावी आणि वरून फिकट रंगाचा कोरडा कुंचला फिरवावा. रंगात किंचित पांढरा मिसळणेही अगत्याचे, कारण लहान वस्तू आपण दुरून पाहावी तशी पाहतो आणि अंतराने रंग विटतो. माती अर्थात हळर्णचीच एका डब्यात भरून घेतली.

केरीहून तरीने तेरेखोलला गेलो. नदीच्या उत्तर काठावरचा हा चिमुकला किल्ला. पुढे त्यात उतारूंची सोय झाली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने येथे तिरंगा लावला होता, हे तेथे चहा घेणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असेल कोण जाणे.

परतीच्या वाटेवर, सरहद्दीवर, पत्रादेवी लागली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या नाना भागांतून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक माणसे गेली. पंजाबातून आलेला तरुण कर्नैलसिंग येथेच पडला. त्याच सत्याग्रहात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळही कामी आले. उज्जैन म्हणजे आमच्या घरापासून दोन तासांची वाट. पुतण्या स्मारकापाशी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पूल नंतर करू. आधी हे."

खरी अडचण येथून सुरू झाली. या छंदाच्या बाजारात सैनिक हवे तितके मिळतात: धावणारे, गुडघ्यावर टेकलेले, पालथे पडून नेम धरणारे. हातात काहीच नसलेला माणूस मिळत नाही. आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांसाठी प्रवासी आणि हमाल मिळतात खरे, पण त्यांचे प्रमाण ८७ स १; आमच्या इंचभर माणसाशेजारी ते बाळसे न धरलेल्या पोरांसारखे दिसतात. शिवाय त्यांच्या अंगावर ओव्हरकोट आणि डोक्यावर हॅट! धोतर, पायजमा, गांधी टोपी, पंजाबी पागोटे यांचा कारखाना कोठेच नाही. सैनिकाच्या हातातली बंदूक कापून काढली तरी हात बंदूक धरल्यासारखाच राहतो, खांदे पुढे झुकलेलेच राहतात; शस्त्र गेले तरी आविर्भाव जात नाही. चालत येणाऱ्या, छाती उघडी ठेवणाऱ्या माणसाची ठेवण मुळातच निराळी. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांच्या एका कारागिरापुढे आम्ही हा प्रश्न मांडला. इंचभर आकृती आपल्या हत्यारांना पेलणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, पण एक सल्ला दिला: आधी माणूस नुसता चालताना कोरा, कपडे मागून चढवा.

त्याप्रमाणे काम चालू आहे. तारेचा सांगाडा, त्यावर मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, सुकल्यावर कानस आणि पॉलिशपेपर. धोतरासाठी सिगारेटचा पातळ कागद पाण्यात भिजवून. आतापर्यंत अकरा माणसे उभी राहिली आहेत, त्यांत एक पागोटेवाला. झेंडा धरणारा बारावा अजून व्हावयाचा आहे. त्याच्या मुठीत काठी बसते, परंतु या आकारात बोटे सुईच्या अग्राएवढी होतात आणि वाळता वाळता गळून पडतात.