आमची फियाट आणि तीन पौंड

करंजाड्याला आमच्या इमारतीखाली एक म्हातारी राहते. कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. बाबा मात्र तिला ‘फियाट’च म्हणतात. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींनी रस्त्याचा निरोप घेतला, त्या रात्री बाबा धड जेवले नाहीत.

मूळ कार्ब्युरेटर झिजला म्हणून मी बाजारातला दुसरा आणला आणि उत्साहाच्या भरात इंजिनावरचा डायफ्रामचा पंप काढून विजेचा बसवला. (मला सायकलची चेनही नीट चढवता येत नाही, हे वर्गमित्र जाणतातच!) गाडीने काळा धूर ओकला आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल थेट तापल्या इंजिनावर टपटपू लागलं. बाबांनी चावी फिरवली, बॅटरीची वायर उपटली आणि वाळूची बादली घेऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पनवेलहून मिस्त्री आले. त्यांनी दाब मोजला: चौरस इंचाला 7 पौंड!

“पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसा यात फ्लोट. तो वर आला की सुई पेट्रोलची वाट अडवते. मागून एवढा रेटा आला तर ती बिचारी काय करणार?”

जुन्या पंपात डायफ्रामची स्प्रिंगच दाब बेताचा राखत होती. मी नेमका तोच पंप काढला होता.

मिस्त्रींनी मध्ये रेग्युलेटर बसवून, स्क्रू हळूहळू फिरवत काटा 3 वर आणला. बाबांनी पनवेल स्टेशनपर्यंत फेरी मारली. मी शेजारी, बादली माझ्या मांडीवर.