कागबेनीच्या दिदी

मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे, ही आईची अनेक वर्षांची इच्छा. वय ७६, रक्तदाब गोळीने आटोक्यात, चालणे बेताचे. ऑक्टोबरात मी तिला घेऊन नेपाळला निघाले. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तेथून सकाळचे छोटे विमान वीस-पंचवीस मिनिटांत जोमसोमला, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर, आणून सोडते. त्याच दिवशी जीपने पुढे जाऊन मंदिराखालच्या राणीपौवा गावात मुक्काम करायचा, असा माझा बेत होता. ती उंची जवळजवळ ३,७०० मीटर. असा बेत एखाद्या रुग्णाने माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्याला चांगलेच सुनावले असते. परंतु स्वतःच्या आईच्या बाबतीत रजेचे दिवस मोजण्यातच माझे सारे शहाणपण खर्च झाले होते.

वाटेत कागबेनी लागते. काली गंडकी आणि झोंग खोला यांचा तेथे संगम आहे. आईला बाबांच्या नावाने संगमावर पाणी सोडायचे होते, म्हणून आम्ही थांबलो आणि जेवायला एका लहानशा अतिथिगृहात शिरलो. दगड-मातीचे दुमजली घर, सपाट छत, छताच्या कडेने रचलेले सरपण, सात खोल्या. मालकीणबाई थकाली समाजाच्या, साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना दिदी म्हणत; मीही तेच म्हणू लागले.

थकाली जेवण म्हणजे डाळ, भात, हिरवी भाजी, लोणचे. डाळीला तुपात तळलेल्या जिंबूची फोडणी. जिंबू ही तिकडची कांद्याच्या कुळातील वाळवलेली पात. भात-डाळ पुन्हा पुन्हा वाढण्याची तेथे रीत आहे. आईने दोन घास खाल्ले आणि हात आखडता घेतला. दिदींनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“आमा घरी एवढंच जेवतात?”

“प्रवासाचा शीण आहे,” मी म्हटले.

“डाक्टर बहिनी, तुम्ही नका सांगू. त्यांना विचारा.”

विचारले, तेव्हा आईने कबूल केले, की विमानातून उतरल्यावर काही वेळाने जे डोके दुखू लागले ते अद्याप थांबलेले नाही. “तुझा बेत बिघडेल, म्हणून बोलले नाही गं.” तीस वर्षे मी ज्येष्ठांना तपासते आहे, मुलांच्या सोयीसाठी दुखणे लपवणारी कितीतरी माणसे माझ्यासमोर बसून गेली आहेत. समोरच्याच खुर्चीवरची एक मात्र मला दिसली नव्हती.

जीपवाल्याला परत पाठवले. आम्ही तेथे दोन रात्री राहिलो.

दिदींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. प्रथम चूल आणि पाणी, मग पहाटेच्या जीपने जाणाऱ्यांचा चहा-नाश्ता. त्यानंतर लगबगीने चादरी धुणे. कारण तेथे दिवसाचे वेळापत्रक वारा ठरवतो. ऊन तापले, की वरच्या मुस्तांगच्या पठारावरील हवा वर उठते आणि तिची जागा घेण्यासाठी अन्नपूर्णा व धौलागिरी यांच्यामधल्या खोल दरीतून वारा उत्तरेकडे धावत सुटतो. सकाळ सरता सरता तो एवढा जोर धरतो, की विमानेही त्याआधीच उडून घेतात. चादरी तोवर वाळून घरात यायला हव्यात, नाहीतर त्या धुळीने माखतात. दुपारी भाजी निवडणे, गॅसच्या टाक्यांचा आणि तांदळाचा हिशेब, पाहुण्यांची ओळखपत्रे वहीत उतरवणे. रात्री शेवटचे ताट उचलल्यावरच त्या स्वतः जेवत. यजमान वारलेले, मुलगा जपानमध्ये नोकरीला, मदतीला गावातली एक मुलगी. खोल्यांकडे जाणारा लाकडी जिना उभा आणि अरुंद. गुडघा धरून त्या तो दिवसातून किती वेळा चढत, हे मोजण्याचे मी अखेर सोडून दिले.

थंडीत जेवणाच्या मेजाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून वरून घोंगडी सोडतात, म्हणजे बसणाऱ्यांचे पाय ऊबदार राहतात. दिदी तेव्हा खिडकी चार बोटे उघडी ठेवत. कोणी तक्रार केली, तर ऐकून घेत, पण खिडकी लावत नसत. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. दिदींना वायूचे नाव माहीत नव्हते. सासऱ्यांनी शिकवलेला नियम तेवढा माहीत होता.

ताटाचेही तसेच. “जो भात पुन्हा घेत नाही, त्याच्यावर मी रात्री लक्ष ठेवते,” त्या म्हणाल्या. उंचीच्या आजारात डोकेदुखीबरोबर अन्नावरची वासना जाते, मळमळते, थकवा येतो. अशा वेळी आणखी वर जायचे नसते. चालताना तोल जाऊ लागला, भान हरपू लागले किंवा बसल्या जागी दम लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे लागते. पाहुणा जिना कसा उतरतो, हे दिदी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत. एका यात्रेकरूला त्यांनी मध्यरात्री जीप मिळवून खाली धाडले होते. “चिडले होते फार. पैसे न देताच गेले,” एवढेच त्या सांगतात.

पहिल्या रात्री आईने सवयीप्रमाणे झोपेची गोळी मागितली. तेव्हा कुठे मला दुसरी चूक उमगली. आधीच विरळ हवा, त्यात अशा गोळीने श्वास मंदावू शकतो. ती काही रोज घेणारी नव्हती, अधूनमधून घेई, म्हणून त्या रात्री मी दिली नाही. रोजची असती, तर ती एकाएकी बंद करणेही बरे नव्हते. निघण्यापूर्वीच त्याचा विचार व्हायला हवा होता. आई बराच वेळ जागी राहिली आणि आम्ही बाबांविषयी बोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकेदुखी गेली. रात्री आईने भात दुसऱ्यांदा घेतला. वाढताना दिदी काही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुक्तिनाथाला गेलो. मंदिरामागील १०८ धारांखाली लोक कुडकुडत धावत होते. आईने मात्र एका धारेखाली ओंजळ धरली, पाणी डोळ्यांना लावले आणि तेवढ्यावर समाधान मानले. तासाभरात आम्ही खाली निघालो आणि झोपायला पुन्हा कागबेनीलाच आलो.

निघायच्या सकाळी मी दिदींचा रक्तदाब पाहिला. तो बराच वाढलेला होता. गोळ्या होत्या, पण गर्दीच्या दिवसांत घ्यायच्या राहून जात. मी चहाच्या डब्याशेजारी त्यांची पट्टी ठेवली आणि पहाटेचे पहिले आधण ठेवताच एक घ्यायची, असे ठरवून दिले. गुडघ्यासाठी खुर्चीवर बसून करायचा व्यायाम दाखवला. “आणि खालची खोली स्वतःला घ्या,” मी म्हटले.

“खालच्या खोलीचं भाडं जास्त येतं, बहिनी,” त्या हसल्या.

“दिदी, तुमच्या ताटाकडे कोण पाहतं?”

त्या काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात छतावर चादर फडफडली आणि वारा सुटला म्हणत त्या जिन्याकडे वळल्या. मदतीची मुलगी त्यांच्या आधी वर धावली. दिदी दोन पायऱ्या चढून थांबल्या, मग खाली उतरून आमच्या सामानाजवळ आल्या. आईने त्यांचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी जीप येईपर्यंत त्या बोलत होत्या.