नांव आधीं कीं वाणी आधीं?

मनुष्य मनुष्यास प्रथम भेटला म्हणजे नांव विचारतो, यांत वावगें तें काय, असें कोणीही म्हणेल. परंतु आमच्या या मराठवाड्यांत तो प्रश्न बहुधा तेवढ्यावर थांबत नाहीं. नांवापाठोपाठ आडनांव विचारतात, आडनांवानें समाधान झालें नाहीं तर गांव विचारतात, आणि गांवानेंही उलगडा न झाल्यास "म्हणजे तुम्ही कोणांपैकीं?" हा मूळ प्रश्न अखेर ओठांवर येतो. शब्द नम्र असतात, त्यांच्या पोटांतला अर्थ मात्र निराळा असतो. हा अर्थ आम्ही कोणत्याही पुस्तकांत शिकलों नाहीं. तो आम्हांस आमच्याच खोटेपणामुळें कळला.

त्या वेळीं आम्ही नांदेडास हायस्कुलांत शिकत होतों. वर्गांतला एक मुलगा आमचा जिवलग मित्र होता. कवितेचा अर्थ सांगावा तर त्यानेंच, अशी त्याची वर्गांत ख्याति. तो बौद्ध कुटुंबांतला. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, तेव्हां मराठवाड्यांतील अनेक गांवीं दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. विद्यापीठास तें नांव प्रत्यक्ष लाभण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. आम्ही सांगत आहों ती गोष्ट या दोन तारखांच्या मधल्या काळांतली आहे. एका नांवावरून घरें जळतात, हें त्या मुलास आमच्याहून पुष्कळ आधीं ठाऊक होतें.

महाशिवरात्रीस लातुरांत सिद्धेश्वराची मोठी यात्रा भरते. लातूर हें आमचें आजोळ. आग्रह करकरून आम्हीं मित्रास बरोबर नेलें. गंजगोलाईच्या त्या वाटोळ्या बाजारांत, जेथें सोळा रस्ते एकत्र येतात, आम्ही दोघे उन्हांत मनसोक्त भटकलों आणि तहानेनें व्याकुळ होऊन घरीं आलों. आजीनें तांब्या भरून पाणी आणलें आणि तो पुढें करण्यापूर्वीं सहज विचारलें, "आडनांव काय लेकरा तुझं?" त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच आम्हीं भलतेंच एक आडनांव सांगून टाकलें. आजीची मुद्रा प्रसन्न झाली. तांब्या पुढें आला. मित्रानें मात्र तो घेतला नाहीं. "तहान नाहीं, आजी," इतकेंच तो म्हणाला.

परतीच्या एस. टी.त तो सारी वाट गप्प होता. नांदेड जवळ आल्यावर म्हणाला, "पाणी मिळालं नसतं तरी चाललं असतं रे. माझं नांव तूं कां पुसलंस?"

आम्हांस वाटलें होतें कीं आम्हीं मित्रास अपमानापासून वाचविलें. विचार करूं लागलों तेव्हां दिसलें कीं आम्हीं स्वतःस वाचविलें होतें. घरांतल्या वडील माणसासमोर उभें राहण्याचा प्रसंग आम्हीं टाळला होता. आजीचा प्रश्न अन्यायाचा आहे असें आम्हीं म्हटलें नाहीं. प्रश्न ठीक आहे, उत्तर तेवढें गैरसोयीचें आहे, असेंच आमच्या लबाडीनें कबूल केलें. अस्पृश्यता राज्यघटनेनें १९५० सालींच नष्ट केली होती; आमच्या ओसरीवर मात्र ती एका तांब्याच्या आड उभी होती, आणि तिला आडोसा आम्हींच दिला होता.

पुढें पुष्कळ वर्षांनीं याच नांदेडांत या गोष्टीचा दुसरा पदर उलगडला. येथें १७०८ सालीं श्रीगुरु गोविंदसिंगजींनीं देह ठेवला, आणि यापुढें ग्रंथ हाच गुरु, असें सांगितलें. ज्या ग्रंथापुढें सचखंड श्रीहुजूर साहिबांत सहस्रावधि मस्तकें नम्र होतात, त्यांत आपल्या संत नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. परंपरेनें ज्यांचें जन्मस्थान शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील नरसी मानलें जातें, तेच हे नामदेव. आपल्याच अंगणांतली वाणी गुरुमुखी लिपींत आपल्याच गांवीं पूजिली जात होती, आणि आम्हांस तिचा पत्ता नव्हता!

त्यांतील एका पदाचा आशय असा: नामदेव हंसतखेळत देवळांत येतात, भक्तींत रमलेले असतांना त्यांस धरून बाहेर काढतात, हीन जातीचा, छीपा म्हणून मीं कां जन्म घ्यावा, असें ते देवास विचारतात, आणि कांबळें उचलून देवळाच्या मागें जाऊन बसतात. तेव्हां देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरतें. औंढा नागनाथ येथें लोक हीच कथा सांगतात. लहानपणीं आम्हींही ती चमत्कार म्हणूनच ऐकली होती. देऊळ फिरलें, याचें आम्हांस केवढें नवल! ज्या हातांनीं त्यांस बाहेर ढकललें ते हात कोणाचे, हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं. पदांत देऊळ फिरलें आहे. ढकलणारे फिरले, असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नाहीं.

संतांच्या रचनेंत आणखी एक मर्म आहे. जगांत नांव आधीं विचारतात आणि मग बोलूं द्यावें कीं नाहीं तें ठरवितात. अभंगांत कवीचें नांव बहुधा शेवटच्या चरणांत येतें. नामा, चोखा, जनी हे शब्द कानीं पडेपर्यंत वाणी अंतःकरणांत उतरून गेलेली असते. मग तिला दाराबाहेर काढणार कसे? तरीही माणसास बाहेर ठेवण्याची युक्ति समाजानें शोधलीच. चोखामेळा १३३८ सालीं मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करतांना भिंतीखालीं गेले. त्यांची समाधि पंढरपुरीं महाद्वाराबाहेर आहे. त्यांची वाणी वारकऱ्यांच्या मुखीं शतकानुशतकें राहिली. त्यांच्या जातिबांधवांस विठ्ठलाच्या देवळाचें दार उघडण्यास मात्र १९४७ साल आणि साने गुरुजींचें उपोषण लागलें.

"संतांस कसली आली आहे जात?" असें आपण मोठ्या उदारपणें म्हणतों. तें ऐकलें कीं आम्हांस लातूरची ती ओसरी आठवते. चोखोबांनीं स्वतःची जात आपल्या वाणींत स्वतः सांगितली आहे. ती आपण भक्तिभावानें पुसून टाकतों, कारण ती राहिली तर आपणांस मान खालीं घालावी लागेल. आम्हींही मित्राचें नांव प्रेमानेंच पुसलें होतें.

आजीस खरें सांगण्यास आम्हांस दोन वर्षें लागलीं. ती रागावली नाहीं. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मग तो तसाच तहानेला गेला कीं रे." त्या वाक्यांत पश्चात्ताप होता, कीं तांब्या वाचल्याचें समाधान होतें, हें आम्हांस आजही ठरवितां येत नाहीं. ती आतां हयात नाहीं, विचारणार कोणास?

विद्यार्थिमित्रहो, कवितेचा गूढार्थ शोधण्यास तुम्हांस वर्गांत शिकवितात. तीच दृष्टि घरच्या साध्या प्रश्नांकडेही वळवा. कोणी पाण्याआधीं आडनांव विचारूं लागला, तर आपल्या सोबत्याच्या वतीनें खोटें उत्तर देऊं नका. त्याचें उत्तर त्यास देऊं द्या, आणि तांब्या तुम्ही स्वतः उचलून त्याच्या हातीं द्या.