दिवेलागणीला घरी परत

गडकिल्ले, राजवाडे पाहायचे म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, नाहीतर थेट राजस्थान. मग रजा, रिझर्व्हेशन, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचं पथ्य यांचा मेळ घालता घालता बेत पुढच्या दिवाळीवर जातो. पण मैत्रिणींनो, मोताळ्यासारख्या गावातूनही सकाळी डबा भरून निघावं आणि दिवेलागणीला घरी यावं, एवढ्या अंतरावर इतिहास आहे. आणि तो नुसता तलवारींचा नाही, लेकीबाळींचाही आहे.

सर्वांत जवळचं रोहिणखेड. आमच्याच तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं गाव. खुदावंदखानानं १५८२ साली बांधलेली दगडी मशीद इथे आहे. पण त्याआधीची, १४३७ सालची गोष्ट ऐका. खानदेशच्या नासिरखानाची मुलगी बहामनी सुलतान अल्लाउद्दीनला दिलेली. कोकणच्या स्वारीत हाती आलेल्या एका राजकन्येवर सुलतानाचं मन बसलं. पहिलीनं बापाकडे गाऱ्हाणं नेलं आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडावर चालून आला. याच रोहिणखेडला त्याचा पराभव झाला. त्याच वर्षी लळिंगच्या किल्ल्यात तो वारला. लेकीसाठी बाप लढला खरा, पण तिचा संसार काही सावरला नाही. आणि लुटीत आलेल्या त्या दुसरीला तरी कुणी काय विचारलं असेल?

दुसरा दिवस बाळापूरसाठी ठेवा. नांदुरा, खामगाव करत जावं. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं बांधायला घेतला आणि तो पुरा झाला १७५७ साली. तिथली मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची दगडी छत्रीही पाहून घ्या.

पण एकच सहल जमणार असेल, तर सिंदखेड राजाला जा. राजूरचा घाट चढून बुलढाणा, पुढे चिखली, देऊळगाव राजा असा रस्ता आहे. लांबचा पल्ला, म्हणून पहाटेच निघावं. लखुजीराव जाधवांचा राजवाडा हमरस्त्यालगतच आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ इथे जन्मल्या. त्या तिथीला इथे मोठी गर्दी लोटते. निवांत पाहायचं असेल, तर एखादा साधा दिवस निवडा.

दरवाजातून आत शिराल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, की हे जिजाऊंचं माहेर. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहानं देवगिरीच्या दरबारात बोलावून लखुजीरावांना त्यांच्या मुलांसह दगा देऊन मारलं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवबा जन्मले. आता महिने मोजा बरं. आपल्यात दिवस गेलेल्या लेकीला वाईट बातमी हळूच, सांभाळून सांगतात. जिजाऊंच्या पोटात बाळ होतं आणि वडील, भाऊ एकाच दिवशी गेले. शाळेत दोन्ही सनावळ्या आपण वेगवेगळ्या पाठ केल्या. वाड्यातून निघून लखुजीरावांच्या भव्य समाधीपुढे उभं राहिलं, की त्या एकत्र येतात आणि घशाशी आवंढा येतो.

मग रंगमहाल, काळाकोट पाहा. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारवही चुकवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. म्हणूनच एवढ्या पाण्याची सोय करणाऱ्यांचं मोल आपल्याला लवकर कळतं.

स्कॉटलंडमध्ये ग्लॅमिस नावाचा किल्ला आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं ते माहेरचं वडिलोपार्जित घर. लोक तिकीट काढून दिवसभरासाठी तिथे जातात. आपल्याला बोटीची गरज नाही, विमानाची नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्यात भागतं.

जाताना दशम्या, कोरडी चटणी आणि लोणचं घ्यावं. दशम्या दुधात भिजवल्या, की दिवसभर मऊ राहतात. पाणी घरूनच घ्या, पायात चपला सपाट असू द्या, आणि ऊन्ह टाळायचं तर दिवाळी ते होळी हेच दिवस बरे. मुलांना आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे पडक्या भिंती त्यांना पडक्या वाटत नाहीत.

तुमच्या गावाजवळही एखादी गढी, एखादा वाडा असेलच. तिथे कोण नांदलं, कुणाची लेक कुठे दिली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि सवड काढून जाऊन या. शक्य झालं तर सासूबाईंनाही बरोबर न्या. त्यांचंही माहेर सुटून बरीच वर्षं झाली आहेत.