पेटीतली राळ आणि बाटलीवरचा दावा

मधपेटीचे झाकण पहिल्या झटक्यात निघत नाही. फटीत लोखंडी पट्टी घालून ते उचकटावे लागते, आणि मग कडेला तपकिरी, चिकट, धुपासारख्या वासाचा थर दिसतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कांदा बीजोत्पादनासाठी, डाळिंबासाठी, सूर्यफुलासाठी शेताच्या बांधावर पेट्या ठेवल्या जातात. पेट्या साफ करताना हा थर खरवडून फेकून देण्याची रीत. आता त्याच थराचा अर्क ड्रॉपर लावलेल्या छोट्या बाटलीतून औषधांच्या दुकानांत आणि कृषी प्रदर्शनांत विकायला आला आहे. त्याचे नाव प्रोपोलिस. बाटलीवर घसादुखीपासून मधुमेहापर्यंत बरेच काही लिहिलेले असते. त्वचारोगांचा दवाखाना चालवताना या बाटलीविषयी मला नेहमी विचारणा होते: ‘नैसर्गिकच आहे ना, मग घ्यायला काय हरकत?’

प्रोपोलिस माशी तयार करत नाही, गोळा करते. कळ्यांवर, कोवळ्या फांद्यांवर, सालीला झालेल्या जखमेवर झाड राळ सोडते. मोजक्या कामकरी माश्या ती जबड्याने ओढून काढतात आणि मागच्या पायांवरच्या, पराग भरायच्या टोपल्यांत घालून आणतात. दुपारच्या उन्हाने राळ मऊ होते, तेव्हाच हे काम साधते. पेटीत आल्यावर त्या माशीला आपले ओझे आपण उतरवता येत नाही. बाकीच्या माश्या ते तोडून घेतात, त्यात मेण मिसळतात आणि फटी लिंपतात. ढोबळमानाने यात निम्मी राळ, तीस टक्क्यांच्या आसपास मेण, दहा टक्के सुगंधी तेले आणि उरलेले परागकण वगैरे असतात. पेटीत शिरून मेलेला उंदीर माश्यांना बाहेर ओढता येत नाही, तेव्हा त्या तो प्रोपोलिसने मढवतात आणि तो कुजत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवून दिले, की पेटीला आतून राळेचा लेप असला तर जंतूंचा भार घटतो आणि माश्यांच्या प्रतिकारशक्तीची जनुके कमी राबतात. माश्यांच्या वसाहतीपुरते बोलायचे तर प्रोपोलिस औषधी आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

माणसासाठी मात्र प्रश्न वेगळा आहे, आणि आपल्या भागात तर तो आणखी वेगळा आहे. आपली सातेरी माशी प्रोपोलिस जवळजवळ वापरतच नाही. आग्या उघड्यावर पोळे टांगते, तिला लिंपायला फटी नसतात. फुलोरी तेवढी राळ वापरते: बोरीच्या किंवा बाभळीच्या ज्या डहाळीला पोळे असते, त्या डहाळीवर दोन्ही बाजूंनी ती चिकट पट्टा ओढते, म्हणजे मुंग्यांना वाट मिळत नाही. बांधावरच्या झुडपात हा पट्टा नीट पाहिला तर दिसतो. पण तो औषधासाठी गोळा करावा इतका नसतो. पेट्यांमधला भरघोस प्रोपोलिस येतो तो मेलिफेरा माशीकडून, आणि ही माशी भारतात यशस्वीपणे रुजली ती 1962 मध्ये, आजच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवान इथे. महाराष्ट्रात तिच्या पेट्या पसरल्या त्यानंतर. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत, मेण आयुर्वेदाच्या मलमांत पूर्वीपासून आहे. प्रोपोलिसला त्या परंपरेत असे स्थान नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने त्याचा जखमांवरचा उपयोग नोंदवला, कारण तिथली माशीच मेलिफेरा होती. म्हणून बाटलीवर ‘हजारो वर्षांचा आयुर्वेदिक वारसा’ असे छापले असेल, तर तिथेच सावध व्हावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रोपोलिस हा एकच पदार्थ नाही. युरोपातला प्रोपोलिस मुख्यतः पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरचा असतो. त्यात पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलँगिन आणि कॅफिक आम्लाची संयुगे असतात. ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस बॅकारिस नावाच्या झुडपाचा, त्यात आर्टेपिलिन-सी हे वेगळेच द्रव्य मुख्य. ब्राझीलचाच लाल प्रोपोलिस शिसवाच्या कुळातल्या एका वेलवर्गीय झुडपाचा. जगातले बहुतेक अभ्यास या पॉप्लरवाल्या आणि ब्राझीलवाल्या मालावर झालेले आहेत. आपल्या घोड आणि भीमा नद्यांच्या काठी बॅकारिस नाही. आपल्याकडे कडुनिंब आहे, बाभूळ आहे, आंबा आहे, उसाचे अफाट रान आहे. ओमानमधल्या प्रोपोलिसची तपासणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात कडुनिंब, बाभूळवर्गीय झाडे आणि आंबा यांचीच राळ निघाली. आग्नेय आशियातल्या नमुन्यांतही आंबा सापडला आहे. आपल्याला जवळचा धागा मिळतो तो इथे.

आंब्याचा चीक ओठाला लागला तर ओठ उततो, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि त्वचेला झोंबणारी त्यांची द्रव्येही एकमेकांची भावंडे. आंब्याची राळ असलेल्या प्रोपोलिसमध्ये याच जातीची संयुगे मिळाली आहेत. ज्यांना कैरीचा चीक सोसत नाही, त्यांनी स्थानिक प्रोपोलिस ओठांना किंवा तोंडात लावण्याआधी दहादा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उपयोगाकडे. प्रयोगशाळेत प्रोपोलिसचा अर्क स्टॅफिलोकोकससारख्या आणि दात किडवणाऱ्या जंतूंची वाढ चांगली रोखतो. ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्यापुढे तो कमजोर पडतो. माणसांवरच्या चाचण्यांत त्यातल्या त्यात आशादायक चित्र तोंडाचे आहे: वारंवार तोंड येणे, केमोथेरपीनंतर तोंडात पडणारे फोड, हिरड्यांची सूज. ओठांवर उठणाऱ्या नागिणीसारख्या पुरळावर, म्हणजे हर्पीजवर, लावायच्या मलमाचेही काही बरे निष्कर्ष आहेत. पण या चाचण्या बहुतेक लहान आहेत. कोविडच्या काळात ब्राझीलच्या साल्वादोर शहरात रुग्णालयातल्या 124 रुग्णांवर चाचणी झाली; नेहमीच्या उपचारांसोबत हिरवा प्रोपोलिस घेतलेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, पण प्राणवायूची गरज काही कमी झाली नाही. तो माल एकाच प्रमाणित पद्धतीने बनवलेला होता. दुसऱ्या कुठल्याही बाटलीला त्याचा हवाला देता येत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रोपोलिसचे आरोग्यविषयक दावे फेटाळले, त्यात मोठे कारण हेच होते, की दावा नेमक्या कुठल्या पदार्थाविषयी आहे ते पुरेसे निश्चित केलेले नव्हते.

मधुमेहाचा दावा सर्वांत घातक. उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचे काही अभ्यास सांगतात. त्यावरून गोळी किंवा इन्सुलिन थांबवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. त्याहून काळजीची बाब पायाच्या जखमेची. उसाच्या रानात अनवाणी चालताना पाचटाने, खुंटाने पाय कापतो; मधुमेह असेल तर ती जखम कळतही नाही आणि भरतही नाही. अशा जखमेत स्यूडोमोनाससारखे जंतू वारंवार सापडतात, म्हणजे प्रोपोलिस जिथे कमी पडतो तेच. बाटलीतले थेंब टाकत आठवडा घालवला तर बोट किंवा पाऊल जाऊ शकते. मधुमेही माणसाने पायाच्या जखमेवर प्रोपोलिस लावू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

त्वचेचा धोका तर नोंदलेलाच आहे. युरोपात ॲलर्जी शोधण्यासाठी पाठीवर ज्या पॅच टेस्ट करतात, त्यांच्या मूळ संचात 2019 पासून प्रोपोलिस आहे, कारण तपासलेल्यांपैकी साधारण 1 ते 6 टक्के रुग्णांना त्याची ॲलर्जी निघते. मधपाळांच्या हातांवर खाजरा इसब उठतो, तोही यामुळेच असू शकतो. चघळायच्या गोळ्यांनी तोंड सोलवटल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत, आणि लोक ती गोळी तोंड आल्यावरच घेतात; मग औषधानेच वाढले हे लक्षात येत नाही. दमेकऱ्यांनी आणि मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असलेल्यांनी पोटात घेऊच नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. बहुतेक अर्क मद्यार्कात काढलेला असतो, सत्तर टक्क्यांपर्यंतचाही. लहान मुलांना, गर्भवतींना आणि यकृताचा आजार असलेल्यांना तो देऊ नये. मूत्रपिंड अचानक निकामी झालेला एक रुग्ण 2005 मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी नोंदवला आहे. प्रोपोलिस थांबवल्यावर तो सुधारला. निरोगी माणसाने दिवसाला सुमारे 70 मिलिग्रॅमपर्यंत घेणे सुरक्षित असावे, असा अंदाज 1998 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून बांधला गेला. बाजारातल्या कित्येक कॅप्सूलमध्ये याच्या कित्येक पट माल असतो.

शुद्धतेचा मुद्दा आपल्या दोन तालुक्यांत विशेष लागू आहे. प्रोपोलिस चिकट, त्यामुळे धूळ आणि जड धातू धरून ठेवतो. शिशाचे प्रमाण वाढलेले नमुने अनेक देशांत मिळाले आहेत. झाडांची राळ कमी पडली तर माश्या डांबर आणि ओला रंगसुद्धा उचलून आणतात. पुणे–सोलापूर महामार्ग दौंडमधून जातो, पुणे–अहिल्यानगर मार्ग शिरूरमधून. रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती आहेत. देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झाले, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे लगेच नाहीसे होत नाही. औषधासाठी प्रोपोलिस काढायचा असेल तर पेट्या महामार्गापासून आणि कारखान्यांपासून लांब हव्यात, पेटीला आतून रंग नको. फळीवरून खरवडलेल्या मालात लाकडाचे कण आणि रंग येतोच. त्यापेक्षा झाकणाखाली प्लास्टिकची जाळी ठेवावी. माश्या तिची भोके भरतात, जाळी गारठवून पिळली की कडक झालेला प्रोपोलिस सुटा पडतो. एका पेटीतून वर्षाला शेकड्यातच ग्रॅम मिळतात, म्हणून भेसळीचा मोहही मोठा.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियानात मधाबरोबर प्रोपोलिससारख्या जोडउत्पादनांनाही प्रोत्साहन आहे. मधपाळाच्या हाती चार पैसे जास्त पडावेत, हे मलाही मनापासून हवे आहे. त्यासाठी आधी आपल्या मालात काय आहे ते कळले पाहिजे. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून पुण्यातच आहे, शिरूरहून दोन-अडीच तासांवर. शिरूर-दौंडच्या मधपाळांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गावोगावचे नमुने एकत्र करून राळेचा उगम, शिसे आणि कीटकनाशकांचे अंश यांची तपासणी करून घ्यावी, आणि तो अहवाल बाटलीसोबत द्यावा. ग्राहकाने तो मागावा. तोवर ज्यांना वापरायचाच आहे, त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा थेंबभर लावून सात दिवस वाट पाहावी, पुरळ किंवा खाज आली तर बाटली बाजूला ठेवावी, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, की मी प्रोपोलिस घेतो.